मुंबई ते ताडोबा: मे महिन्यातल्या चार फेऱ्या

मे महिन्याचा दुसरा आठवडा. सीएसएमटीहून संध्याकाळी सुटणारी नागपूर दुरांतो, मग ताडोबाच्या मोहर्ली गेटच्या दोन कोअर (जंगलाच्या गाभ्यातल्या) फेऱ्या आणि बफरच्या (गाभ्याभोवतीच्या पट्ट्यातल्या) दोन, एक आगरझरीची, एक जुनोन्याची. तीन दिवसांत चार सफाऱ्या हे प्रमाण चांगलं जमतं. एकाच फेरीसाठी मुंबईहून आठशे किलोमीटर जाणं म्हणजे जुगार. सहा-सात फेऱ्या केल्या तर उन्हाने शरीर थकतं आणि शेवटच्या दोन फेऱ्या डुलक्या काढण्यात जातात.

आरक्षण करताना क्रम असा ठेवा: आधी सफारी, मग मुक्काम, शेवटी रेल्वे. बहुतेक लोक उलटं करतात. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी सुरू होतं, पण मे महिन्यातल्या शनिवार-रविवारच्या कोअर फेऱ्या त्याच्या आधीच भरलेल्या असू शकतात. ताडोबाच्या अधिकृत संकेतस्थळावर गेट आणि वेळ निवडून प्रत्येक माणसाचं नाव आणि ओळखपत्राचा क्रमांक भरावा लागतो. इथे सर्वाधिक घोटाळे होतात. आधारवर जसं नाव आहे तसंच लिहा आणि मूळ ओळखपत्र सोबत न्या, मोबाइलमधला फोटो पुढे करून भागेल असं धरून चालू नका. ऐनवेळी एक जण गळाला आणि त्याच्या जागी मेहुण्याला नेलं, असं गेटवर चालत नाही. आणि कोअर मंगळवारी बंद असतो. रविवार-सोमवारला जोडून मंगळवारची सुटी काढणाऱ्यांना हे फार उशिरा कळतं. पावसाळ्यात १ जुलै ते ३० सप्टेंबर कोअर बंदच असतो, तेव्हा बफरवर भागवावं लागतं.

गेट निवडताना आधी नकाशा उघडा. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प सुमारे १७२७ चौरस किलोमीटरचा आहे, त्यातला ६२५ कोअर आणि बाकीचा बफर. मोहर्ली, आगरझरी, जुनोना हे चंद्रपूरच्या बाजूला. कोलारा, नवेगाव, अलिझंझा हे चिमूरच्या बाजूला. मुक्काम कोलाऱ्याला आणि फेरी मोहर्लीची, अशी चूक झाली तर बाहेरून वळसा घालून दोन तासांच्या वर गाडी चालवावी लागते, आणि पहाटे साडेपाचच्या फेरीसाठी तीन वाजता उठावं लागतं. नागपूरहून कोलाऱ्याला उमरेड-भिसी-चिमूर रस्ता. मोहर्लीसाठी जाम, वरोरा, भद्रावती करत चंद्रपूरच्या बाजूने या, जेवणाचा थांबा धरून चार तास लागतात. समृद्धी महामार्ग पूर्ण झाल्यापासून मुंबईहून स्वतःची गाडी नेणारे वाढलेत. पण एका दिवसात तेवढं अंतर कापून दुसऱ्या पहाटे जिप्सीत बसलात, तर जंगलाचं काहीच हाती लागणार नाही. रेल्वेत झोप तरी होते.

जिप्सी उघडी असते, सहा पर्यटक, एक चालक आणि एक गाईड. छत नाही. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि दुपारची फेरी त्याच उन्हात सुरू होते. माणशी दोन लिटर पाणी, ओआरएसची दोन पाकिटं, आणि एक मोठा सुती पंचा. पंचा भिजवून डोक्यावर आणि मानेवर घ्या, दर अर्ध्या तासाने पुन्हा भिजवा. टोपीपेक्षा तो बरा, कारण पुढच्या गाडीची धूळ आली की तोच नाकातोंडावर ओढता येतो. कपडे मातकट, फिके, पूर्ण बाह्यांचे. पांढरा शर्ट नको, अत्तर तर नकोच. डिसेंबर-जानेवारीत जाणाऱ्यांनी उलट तयारी करावी. पहाटे उघड्या गाडीत वारा अंगाला झोंबतो, मुंबईतला स्वेटर पुरत नाही, घोंगडी किंवा जाड जॅकेट आणि हातमोजे लागतात.

मोबाइल वापरायला कोअरमध्ये मनाई आहे, तो मुक्कामीच ठेवलेला बरा. फोटो काढायचे असतील तर कॅमेरा घ्या, मोठ्या लेन्सला वेगळं शुल्क पडतं. ट्रायपॉड जिप्सीत उभा राहत नाही. कापडी पिशवीत दीड-दोन किलो तांदूळ भरून तोंड शिवून टाका, गाडीच्या दांड्यावर ती पिशवी ठेवून त्यावर लेन्स टेकवा. तांदूळ तिथेच विकत घेता येतो, मुंबईहून रिकामी पिशवी न्या. लेन्स गाडीत बदलू नका, धूळ सेन्सरवर बसते. ज्यांच्याकडे कॅमेरा नाही त्यांनी ८×४२ची दुर्बीण न्यावी. कॅमेऱ्यावाल्यांपेक्षा त्यांनाच जास्त दिसतं.

आता खरा विषय: गाईड. हे लोक आजूबाजूच्या गावांतले असतात, आता बऱ्याच ताईही हे काम करतात. माग काढण्याची ही विद्या शिकारीच्या काळापासूनची आहे. ताडोबात शिकार १९३५ साली बंद झाली, १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं, १९७२च्या कायद्याने देशभर वन्यजीव संरक्षणाची चौकट आली. बंदूक गेली, माग वाचणं राहिलं. ते तुमच्यासमोर घडतं, पण गाईडला वेळ दिलात तरच. गाडीत बसल्याबसल्या ‘भाऊ, वाघ दाखवणार ना?’ असं विचारलं की तो बिचारा दडपणाखाली येतो आणि जिथे बाकीच्या गाड्या आहेत तिथे पळवतो. त्यापेक्षा सुरुवातीलाच सांगा: ‘आम्हाला घाई नाही, तुम्हाला वाटेल तिथे थांबा.’ या एका वाक्याने चार तासांची फेरी बदलते.

मातीच्या रस्त्यावर पाऊल दिसलं की गाडी थांबते. पुढे चार बोटं, मागे गादी, गादीच्या मागच्या कडेला तीन फुगवटे. नखांच्या खुणा नसतात, कारण वाघ नखं आत ओढून चालतो. नखं उमटलेली असतील तर रानकुत्रा असण्याची शक्यता धरा. ठसा चौकोनी भरला तर नर, लांबट असला तर मादी, हा ढोबळ नियम. पाऊल किती ताजं हे टायरवरून कळतं: काल संध्याकाळच्या टायरच्या खुणेवर पाऊल पडलंय म्हणजे वाघ रात्री गेला, आज पहाटेच्या गाडीचा टायर पावलावरून गेलाय म्हणजे तो त्याआधी गेला. कडा टोकदार असतील, माती आत ढासळलेली नसेल, तर इंजिन बंद. झाडाच्या बुंध्याला वाघाने मारलेल्या फवाऱ्याचा वास बासमती शिजताना येतो तसा असतो. पहिल्यांदा हे कुणाला पटत नाही, वास घेतल्यावर पटतं.

मग कॉल, म्हणजे वाघ जवळ आला की बाकीचे प्राणी देतात तो इशाऱ्याचा आवाज. चितळाचा बारीक, चिरका आवाज वारंवार येतो, पण त्यावर एकट्यावर भिस्त ठेवू नका, चितळं रानकुत्र्यांना पाहूनही कॉल देतात आणि उगाचही दचकतात. वानर झाडाच्या शेंड्यावरून खाकरायला लागलं तर ते प्रत्यक्ष बघत असतं, त्याचं तोंड कुठे आहे ते पाहा. भेकर कुत्र्यासारखं भुंकतं. सगळ्यांत भरवशाचं सांबर. त्याचा ‘पोंक्’ असा ठसठशीत आवाज आला आणि सोबत पाय आपटला, शेपटी उभी राहिली, की गाईड हळूच म्हणतो, ‘सांबर देऊन राह्यलं, बोलू नका.’ तेव्हा खरंच बोलू नये. कॉल एका जागीच येतोय की सरकतोय हे ऐकायचं असतं. सरकत असेल तर वाघ चालतोय, आणि त्याच्या वाटेवर पुढचा पाणवठा किंवा रस्ता कुठे येतो हा हिशेब गाईड मनात करतो. एका जागी येऊन थांबला तर वाघ बसलाय. चालक चुकतो तो इथेच: आवाजाच्या दिशेने धावत सुटतो, कॉल थांबतो, सगळं हातातून जातं. पाच मिनिटं इंजिन बंद ठेवून बसलेली गाडी बहुतेक वेळा जिंकते.

मे महिन्यात पाणी हेच केंद्र. तेलिया, पांढरपौनी, जामणी, ताडोबा तलाव, आणि वाटेवरचे छोटे कृत्रिम पाणवठे. जामणी गावाचं पुनर्वसन झालं, तिथे आता गवताचं मोकळं मैदान आहे आणि चितळांचे मोठे कळप चरतात. मोहर्लीच्या दोन फेऱ्यांपैकी दुपारच्या फेरीत निम्मा वेळ एकाच पाण्यावर बसणं हाच सगळ्यांत सार्थकी लागलेला निर्णय. वाघ पाण्यात बहुधा पाठमोरा उतरतो, मागचे पाय आधी, तोंड जंगलाकडे, आणि मानेपर्यंत बुडून बसतो. बसला की उठायची घाई नसते, तेव्हा तुम्हीही करू नका.

गर्दीचं भान ठेवा. ३१ डिसेंबर २०२४ रोजी शेजारच्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात गाड्यांनी एका वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट दोन्ही बाजूंनी अडवली. नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. वाघ रस्ता ओलांडायच्या बेतात असेल तर तुमची गाडी मागे घ्यायला तुम्हीच सांगा. पर्यटकाने सांगितलं की चालक ऐकतो, कारण त्याला भीती असते ती तुम्ही नाराज होण्याची. सीटवर उभं राहणं, मुलांना दांड्यावर बसवणं, खाली उतरणं, हे काहीच नको.

बफर दुय्यम समजू नका. आगरझरीत आणि जुनोन्यात गाड्या कमी, शांतता जास्त. अस्वल, गवे, रानकुत्री पाहायची असतील तर इथे वेळ द्या. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं गळतात तेव्हा अस्वल पहाटे मोहाखाली येतं.

परतीचं गणित आधीच मांडा. नागपूरहून मुंबईच्या गाड्या संध्याकाळी-रात्री सुटतात, म्हणून शेवटची फेरी सकाळचीच घ्या. दुपारची घेतलीत तर गाडी चुकणार. साडेनऊ-दहाला बाहेर पडा, आंघोळ करा, मुक्कामावर गोळाभात (डाळीचे गोळे घातलेला वैदर्भीय भात) मिळत असेल तर जेवून बाराच्या आत निघा. कॅमेरा बॅगेत टाकण्याआधी ब्रशने धूळ झाडा. पिशवीतला तांदूळ मुक्कामाच्या स्वयंपाकघरात देऊन या.