कालाकुंडचा कच्चा रस्ता: चोरलच्या खोऱ्यात सायकलवर

इंदूरच्या सायकलवाल्यांचा रविवार ठरलेला असतो. पहाटे सुपर कॉरिडॉर नाहीतर बायपास, आणि परतताना वर भरपूर जीरावण घातलेले पोहे. पण मागून ट्रकचा हॉर्न न ऐकता दिवसभर पेडल मारायचं असेल, तर माळवा जिथे संपतो तिथवर जावं लागतं. दिवाळीनंतर मी आणि माझा मावसभाऊ चोरलच्या खोऱ्यातून कालाकुंडला जाऊन आलो. इंदूरपासून इतक्या जवळ, इतका मोकळा आणि इतका देखणा कच्चा रस्ता मला तरी दुसरा माहीत नाही. ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय.

आधी जमीन समजून घ्या, म्हणजे रस्ता आपोआप समजेल. इंदूर पठारावर आहे. सिमरोलच्या पुढे हे पठार एकदम तुटतं, विंध्याची धार लागते आणि खाली निमाड सुरू होतो. महूजवळच्या जानापावला उगम पावणारी चंबळ उत्तरेला यमुनेकडे जाते, तर त्याच महू तहसिलीतली चोरल नदी दक्षिणेची वाट धरते. पातालपाणीला ती सुमारे 300 फूट खाली कोसळते, दरीतून कालाकुंडला येते, पुढे चोरल गावावरून जाते आणि बडवाहजवळ नर्मदेला मिळते. म्हणजे एकाच तहसिलीतलं थोडं पाणी बंगालच्या उपसागराला जातं आणि थोडं अरबी समुद्राला. आपल्याला सायकल चालवायची आहे ती चोरल गाव ते कालाकुंड या टप्प्यात, नदीच्या उलट दिशेने वर.

चोरलपर्यंत कसं जायचं, हा पहिला प्रश्न. खंडवा रस्त्याने सायकलवर जाऊ नका, हे मी अगदी आग्रहाने सांगतो. भेरूघाटात अवजड वाहनांची रांग असते, वळणं आंधळी आहेत आणि सायकलला बाजूला व्हायला जागा मिळत नाही. आम्ही एक छोटा हत्ती (लहान मालवाहू टेम्पो) ठरवला, सायकली आडव्या न टाकता जुन्या गाद्यांच्या आधाराने उभ्या बांधल्या आणि उजाडता उजाडता चोरलला उतरलो. चार-पाच जण असाल तर खर्च वाटला जातो आणि अंगावर येत नाही. मुक्कामच करायचा असेल तर चोरल धरणाजवळ मध्य प्रदेश पर्यटनाचं रिसॉर्ट आहे. आदल्या संध्याकाळी तिथे पोचलात तर सकाळची घाई उरत नाही.

गाव सुटलं की डांबर संपतं आणि ज्यासाठी आलो ते सुरू होतं. इथला सगळा खडक काळा बसाल्ट. तो झिजून कुठे तांबूस-पिवळा मुरूम झालाय, कुठे काळी माती. या दोन्हींतला फरक सायकलवाल्याने डोळ्यांनी ओळखायला शिकलंच पाहिजे. मुरूम पाणी धरत नाही. पाऊस पडून गेला तरी थोड्या उन्हात घट्ट होतो आणि त्यावर चाक छान चालतं. काळी माती ओली असली की दहा-बारा फेऱ्यांत चाकाला चिकटते, त्यात वाळलेलं गवत मिसळतं, चाक धरणाऱ्या काट्यात (फोर्कमध्ये) आणि ब्रेकमध्ये लगदा बसतो आणि चाक फिरायचंच थांबतं. मग काडीने खरवडत बसण्यावाचून उपाय नाही. म्हणून पाऊस होऊन गेल्यावर निदान चार दिवस कडक ऊन पडू द्या, मगच निघा. दोन चाकोऱ्या दिसल्या तर जिच्यात खडे दिसतात ती धरा. गुळगुळीत दिसणारी बहुधा मातीची असते.

रस्ता नदी सोडत नाही, आणि नदी रस्ता सोडत नाही. ती पुन्हा पुन्हा आडवी येते. नोव्हेंबरअखेर पाणी घोट्याच्या वर आणि गुडघ्याच्या खाली होतं, तळाचा दगडन्‌दगड दिसेल इतकं नितळ. शेवाळलेले गोल दगड मात्र फार निसरडे. सायकलवर बसून पार करायचा मोह आवरा आणि उतरून चाला. पाण्यात सायकल आपल्या खालच्या अंगाला ठेवा, म्हणजे प्रवाहाने ती आपल्यावर आदळत नाही. बूट काढू नका, अणकुचीदार दगड तळपाय फाडतात. मोजे तेवढे काढून खिशात ठेवा. रिम ब्रेक (चाकाच्या कडेला दाबून थांबवणारे) असतील तर पलीकडे गेल्यावर ते हलके दाबत थोडं अंतर चला. ओल्या रिमवर ब्रेक लागत नाही, हे उतारावर कळून उपयोग नाही. पाणी गढूळ असेल किंवा मांडीला लागत असेल तर मागे फिरायचं.

दोन्ही अंगांना सागाचं जंगल आहे, मध्ये पळस, खैर आणि मोह. अंतर तसं थोडं, पण वेळ बराच जातो, आणि जाऊ द्यावा. एका वळणावर आम्ही थांबलो तर समोरून शेळ्यांचा कळप घेऊन एक आजोबा आले. आमच्या सायकलींच्या जाड टायरांना त्यांनी बोटाने दाबून पाहिलं आणि म्हणाले, "आगे दो बार नदी है, बाएँ हाथ से जाना, दाएँ में डोह है." नकाशात हे कुठेच नव्हतं. इथल्या माणसांना विचारत जा. राम राम करून विचारलं की नीट सांगतात.

कालाकुंड म्हणजे डोंगरांच्या मधोमध बसलेलं छोटंसं गाव आणि त्याचं मीटरगेज स्टेशन. या लोहमार्गासाठी दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी 1870 मध्ये इंग्रज सरकारला एक कोटी रुपयांचं कर्ज दिलं होतं. कालाकुंड ते पातालपाणी हा घाटाचा चढ इतका खडा की गाडीला इथे जादा इंजिन जोडावं लागे. तेवढा वेळ गाडी उभी राही, आणि त्या थांब्यातून कालाकुंडच्या कलाकंदाचं नाव झालं. तो आजही पळसाच्या पानात मिळतो: दाणेदार, किंचित करपलेल्या दुधाच्या चवीचा, पानाचा वास लागलेला. आम्ही तो स्टेशनच्या फलाटावर उभ्या उभ्या खाल्ला. शहरातल्या मिठाईवाल्यांची क्षमा मागून सांगतो, त्याची सर त्यांच्या कलाकंदाला नाही. मात्र तो रोज मिळेलच असं धरून चालू नका. पातालपाणी–कालाकुंड हेरिटेज गाडी 2018 च्या डिसेंबरात सुरू झाली. ती येणार असेल त्या दिवशी विक्री असते, एरवी शुकशुकाट. गाडीचे दिवस बदलत असतात, निघण्याआधी बघून घ्या.

आता एक कळकळीचं सांगणं. कालाकुंडहून रुळांच्या कडेने पातालपाणीला चढून जाणारे बरेच आहेत आणि काही जण सायकलही ढकलत नेतात. तसं करू नका. मार्गावर बोगदे आणि पूल आहेत, बाजूला सरकायला जागा नाही. पातालपाणी पाहायचंच असेल तर वेगळ्या दिवशी महूहून डांबरी रस्त्याने जा. त्याच भागात तंट्या मामांचं मंदिर आहे. इंग्रजांनी 1889 मध्ये जबलपूरला फाशी दिलेल्या तंट्या भिल्लांचं हे स्थान. तिथे थांबून नमस्कार करूनच पुढे जावं. पावसाळ्यात मात्र धबधब्याच्या पात्रात उतरू नका. जुलै 2011 मध्ये वरच्या बाजूला झालेल्या पावसाचं पाणी अचानक आलं आणि पात्रात उभी असलेली माणसं वाहून गेली. आपल्या डोक्यावर आभाळ निरभ्र असलं तरी पाणी वरच्या पठारावरून येतं. कालाकुंडच्या नदी-ओलांड्यांनाही हाच नियम. म्हणून जून ते सप्टेंबर हा रस्ता सायकलसाठी बंद समजा.

बिबट्याचा वावर या सगळ्या पट्ट्यात आहे आणि 2023 मध्ये महूच्या लष्करी भागात वाघही दिसला होता. घाबरायचं कारण नाही, पण एकट्याने जाऊ नका आणि अंधारात थांबू नका. महू-बडगोंदाकडच्या कच्च्या वाटा शोधत फिरणाऱ्यांनी लष्कराच्या फायरिंग रेंजच्या पाट्या आणि लाल झेंडे पाहून परत फिरावं, आणि जमिनीवर पडलेल्या कुठल्याही लोखंडी वस्तूला हात लावू नये. मार्च-एप्रिलमध्ये गेलात तर मोहाच्या झाडाखाली झाडून साफ केलेली जागा दिसेल. बायका पहाटे तिथे फुलं वेचतात. त्यावरून सायकल घालू नका, ती त्यांची कमाई आहे.

सायकल कुठली? 40 मिलिमीटर किंवा त्याहून रुंद टायर हवा, मग ती ग्रॅव्हल (कच्च्या रस्त्याची) सायकल असो की साधी एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक. माझं वजन सत्तरच्या आसपास आहे आणि मी टायरमध्ये 32-35 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा ठेवली. त्याहून जास्त भरली असती तर सुट्या खड्यांवर चाक नाचलं असतं. बाभळीच्या काट्यांचा त्रास आहेच, त्यामुळे ट्यूबलेस टायरमध्ये ताजं सीलंट (भोक आपोआप बुजवणारा द्रव) घाला किंवा दोन जास्तीच्या ट्यूब आणि पंप घ्या. वाटेत पंक्चरवाला नाही. पाणी माणशी तीन लिटर. खायला घरून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी न्या, उन्हातही टिकतात आणि त्यावर बराच वेळ निघतो. नोव्हेंबर-डिसेंबरात पहाटे चांगलीच थंडी असते आणि अकरानंतर ऊन लागतं, तेव्हा काढता येईल असं जाकीट घाला.

परतीला कालाकुंडहून दोनच्या आत निघा. दरीत ऊन डोंगराआड लवकर जातं आणि सावलीत पाण्यातले दगड नीट दिसत नाहीत. मोबाइलला रेंज अधूनमधूनच येते, म्हणून छोटा हत्तीवाल्याशी भेटायची वेळ आणि जागा सकाळीच पक्की करा. आम्ही चार वाजता चोरलच्या चहाच्या टपरीवर भेटायचं ठरवलं होतं, तो साडेतीनलाच येऊन उभा होता.