सुताचा भाव, एसीचा भाव

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मी हिशेब लिहिते. सकाळचं पहिलं काम म्हणजे सुताचा भाव वहीत टिपणं. आमचे मालक सूत घेताना व्यापाऱ्याला "सूट किती?" असं कधीच विचारत नाहीत. "मागच्या आठवड्यात काय होता? दिवाळीआधी काय होता?" एवढंच विचारतात. चौदा वर्षं मी हे ऐकतेय. तरी आईसाठी ऑनलाइन मिक्सर घेताना मात्र मी 58 टक्के सूट बघून बटण दाबलं.

एमआरपी 8,330, सेलमध्ये 3,499. महिनाभराने कामावरच्या एका पोराने त्याच मिक्सरचे जुने भाव काढून दाखवले. जून-जुलैत 3,199 होता, सेलच्या पंधरा दिवस आधी 4,299 झाला आणि सेलमध्ये 3,499. आई घरी शेंगाचटणी करून विकते. तीनशे रुपयांत तिचे दोन किलो शेंगदाणे येतात. मला राग आला तो त्या हिशेबाने.

एमआरपी म्हणजे सगळे कर धरून त्याच्यावर घेता येणार नाही अशी कमाल किंमत. त्या किमतीला ती वस्तू कुणी कधी घेतली का, हे त्यावरून कळत नाही. सेलची टक्केवारी मात्र तिथूनच मोजतात. म्हणून आप्पांच्या खोलीत एसी बसवायचं ठरलं तेव्हा आधी वस्तूचे जुने भाव दाखवणारं साधन नीट निवडायचं, मग एसी, असं मी ठरवलं. आमची खोली वरच्या मजल्यावर, स्लॅबखाली. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा चाळिशीच्या वर असतो आणि स्लॅब रात्री बारापर्यंत गार होत नाही. आप्पांना आता ते सोसवत नाही.

पहिल्यांदा कीपा बघितलं. अ‍ॅमेझॉनपुरतंच आहे, भारतातलंही चालतं आणि ग्राफ बराच मागे जातो. मला तेच हवं होतं, कारण एसीचा भाव तीन महिन्यांचा बघून काही कळत नाही. निदान एक उन्हाळा आणि एक हिवाळा त्यात दिसला पाहिजे. पण फ्लिपकार्टचा भाव त्यात नाही. त्यासाठी बायहटके. ते आपल्याकडचंच आहे, अ‍ॅमेझॉन-फ्लिपकार्ट दोन्ही दाखवतं. मी दोन्ही ठेवली आणि दोन्हींवर एकाच मॉडेल नंबरचा अलर्ट लावला, म्हणजे भाव ठरवलेल्या आकड्यावर आला की कळवतात. मॉडेल नंबर अक्षर न् अक्षर जुळवून घ्या. नावं सारखी असतात आणि शेवटच्या दोन अक्षरांत वर्ष किंवा स्टार बदललेले असतात.

तिसरं एक साधन मी काढून टाकलं. मोबाइलवर दिवसाला वीस-वीस नोटिफिकेशन यायची, मी न मागितलेल्या वस्तूंची. ही साधनं फुकट असतात, कारण आपण त्यांच्या लिंकवरून घेतलं की त्यांना कमिशन मिळतं. त्यात चूक काही नाही. पण मला भाव सांगण्यापेक्षा मला खरेदी करायला लावण्यातच ज्याला रस, ते माझ्या कामाचं नाही. मार्च 2025 मध्ये गूगलने क्रोमच्या एक्स्टेन्शनसाठी, म्हणजे ब्राउझरला जोडायच्या अशा साधनांसाठी, नियमच केला, की ग्राहकाला प्रत्यक्ष फायदा होत नसेल तर कमिशनची लिंक मध्ये घालायची नाही. एक्स्टेन्शन टाकताना ते कुठल्या कुठल्या साइटवरचं वाचायची परवानगी मागतंय तेही बघा. बँकेचं काम मी आता वेगळ्या ब्राउझरमध्ये करते.

आता ग्राफ वाचायचं. माझ्या मॉडेलचा भाव 22 सप्टेंबर 2025 ला, घटस्थापनेच्या दिवशी, एकदम पायरीसारखा खाली आलेला दिसला. ती सूट नव्हे. त्या दिवशी एसीवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला. मूळ किंमत 30,000 धरली तर आधी 38,400 पडायचे, आता 35,400. म्हणजे काहीही न करता पावणेआठ टक्क्यांच्या आसपास उतरला. त्याआधीच्या भावाशी आजचा भाव ताडून "केवढा स्वस्त झाला" म्हणणं चुकीचं. मी त्या तारखेवर पेन्सिलने उभी रेघ मारली आणि फक्त उजवीकडचं बघितलं.

दुसरी गोष्ट मला फोन हातात घेऊनच कळली. परदेशी गुंतवणूक असलेल्या अशा ऑनलाइन बाजाराला आपल्याकडे स्वतःचा माल विकता येत नाही, विक्रेते वेगळे असतात आणि एकाच पानावर ते बदलत राहतात. ग्राफवर 34,490 दिसत होते. आमचा 413 चा पिन टाकला तर तो विक्रेता इथे माल देतच नव्हता. दुसऱ्याचा भाव 35,990. शिवाय बँकेच्या कार्डाची सूट, कूपन, जुन्याच्या बदल्यात मिळणारे पैसे, यातलं ग्राफमध्ये बहुतेक काही नसतं. म्हणून मी वहीत माझा स्वतःचा रकाना केला: आमच्या पिनला, आमच्या कार्डाने, बसवून हातात किती. दर रविवारी एक ओळ. अकरा ओळी झाल्या.

संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेची गर्दी होती त्या आठवड्यात रकान्यात सगळ्यात कमी आकडा आला, बसवायच्या खर्चासकट 35,200. ती वही घेऊन मी नवी पेठेत गेले. दुकानदारकाकांनी वही पूर्ण वाचली, एक ओळही खोडली नाही. म्हणाले, "ताई, पस्तीस आठशे घेतो, स्टॅबिलायझरच्या वायरिंगसकट, आणि बिघडला तर माणूस संध्याकाळी येईल." मी दिले. सहाशे रुपये जास्त कशाचे दिले ते मला माहीत होतं.

आता वॉशिंग मशीनची ओळ सुरू केलीय. सेमी-ऑटोमॅटिकच घेणार. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, टाकीतलं बादलीने घालावं लागतं. वॉशिंग मशीनवर 2018 च्या जुलैपासूनच 18 टक्के कर आहे, त्यामुळे या ग्राफवर घटस्थापनेची पायरी नाही. आज 13,290 आहे. मी अलर्ट 11,800 ला लावलाय.