वेलांटीसाठी एक पुल रिक्वेस्ट

रस्त्यावरचा दिवा बंद असल्याची तक्रार एका ॲपवर नोंदवायला बसले होते. फोटो चढवला, नकाशावर खूण केली, नाव लिहिलं आणि 'पुढे'वर बोट ठेवलं. लाल अक्षरांत उमटलं : 'कृपया वैध नाव लिहा.' वाक्य निर्दोष मराठी, अगदी पूर्णविरामासकट. त्याच मराठीत लिहिलेलं माझं नाव मात्र अवैध.

माझ्या नावात दोन वेलांट्या आणि एक अनुस्वार आहे. तेच रोमन लिपीत लिहिलं की फॉर्म मुकाट्याने पुढे जायचा. बहुतेक जण तसंच करत असणार. मीही केलं असतं, पण बारा वर्षं मुद्रितशोधन करून एक खोड लागली आहे : चूक दिसली की ती समासात नोंदवल्याशिवाय पान उलटत नाही.

तेव्हा दीडेक वर्ष मी कामातून उरलेल्या वेळात जावास्क्रिप्ट ही प्रोग्रामिंगची भाषा शिकत होते. चाळिशी उलटल्यावर, संगणकशास्त्राचं एकही पुस्तक न उघडता. या ॲपचा कोड खुला होता. नागरिकांसाठीच्या तंत्रज्ञानात ही पद्धत चांगलीच रुळलेली आहे. रस्त्यांच्या तक्रारींसाठी ब्रिटनमध्ये २००७ साली सुरू झालेलं फिक्समायस्ट्रीट घ्या, नाहीतर लोकांनी कळवलेल्या घटना नकाशावर दाखवणारं, केनियात २००८ मध्ये उभं राहिलेलं उशाहिदी. दोन्हींचा कोड कुणीही वाचावा, त्यात बदल सुचवावेत. म्हटलं, नक्की अडतंय कुठे ते बघू तर खरं.

आधी जुने इश्यू, म्हणजे कोडबद्दलच्या तक्रारींच्या नोंदी, चाळले. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी हीच तक्रार केली होती, फक्त त्याचं नाव अरबी लिपीत होतं. खाली एका ओळीचं उत्तर : 'एज केस आहे, सध्या प्राधान्य नाही.' इश्यू बंद. देवनागरी, अरबी, तमिळ, चिनी लिहिणारे सगळे मिळून एक एज केस, म्हणजे क्वचित कधीतरी येणारी अडचण! राग आला, पण राग इश्यूत लिहून उपयोग नसतो, हे प्रकाशकांशी भांडून कळलेलं आहे. नवा इश्यू उघडला, जुन्याची लिंक दिली, कुठल्या पायरीवर काय होतं ते लिहिलं आणि शेवटी 'मी प्रयत्न करते' असं म्हणून बसले.

प्रयत्नाच्या पहिल्या दोन संध्याकाळी ॲप माझ्या मशिनवर चालू करण्यातच गेल्या. रीडमी, म्हणजे कोडसोबतचं माहितीपत्रक, लिहिणाऱ्याकडे सगळं आधीच इन्स्टॉल केलेलं असणार, कारण जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडची कुठली आवृत्ती हवी याचा त्यात उल्लेखच नव्हता. जिथे जिथे अडखळले ते वहीत टिपत गेले. त्यातल्या तीन ओळी रीडमीत घालून पाठवल्या आणि दुसऱ्याच दिवशी त्या मर्ज झाल्या, म्हणजे मूळ प्रकल्पात सामावल्या. 'माझा बदल घ्या' अशा या विनंतीला पुल रिक्वेस्ट म्हणतात. माझी पहिली पुल रिक्वेस्ट कोडची नव्हतीच, मुद्रितशोधनाचीच होती.

आता मूळ दुखणं. नाव तपासायला एक रेगेक्स, म्हणजे कोणती अक्षरं चालतील ते सांगणारा साचा, होतं : ए ते झेड, मोकळी जागा, बस्स. युनिकोड या लिपिचिन्हांच्या जागतिक यादीत 'लेटर' नावाचा एक वर्ग आहे, त्यात जगातल्या सगळ्या लिप्यांची अक्षरं येतात, हे मी वाचलं होतं. ए ते झेड खोडून तो वर्ग घातला आणि ऐटीत टेस्ट चालवल्या. सगळी नावं नापास. रोमनसुद्धा! एरर मात्र कुठेच नाही. तासभर डोकं खाजवल्यावर कळलं, की जावास्क्रिप्टमध्ये ही सोय २०१८ च्या प्रमाणापासून आली आणि तिला 'यू' फ्लॅग, म्हणजे रेगेक्सच्या शेवटी जोडायचं एक अक्षर, लागतो. तो नसला की जावास्क्रिप्ट तक्रार करत नाही, चिन्हं शब्दशः घेते. माझ्या कोडनुसार आता फक्त छोटा पी, मोठा एल आणि महिरपी कंस एवढ्यांनीच बनलेलं नाव वैध होतं.

फ्लॅग लावला. 'कमल' पास. 'शरद' पास. 'मीरा' नापास. 'विठ्ठल' नापास. 'गौरी' नापास. पाटीवर अक्षरं गिरवायला लागलेल्या पोराला देतात तशी बिनकान्याची, बिनवेलांटीची नावं तेवढी आत जात होती. मग डोक्यात प्रकाश पडला. युनिकोडच्या लेखी 'क' हे अक्षर आहे, पण वेलांटी अक्षर नाही. काना, मात्रा, उकार, अनुस्वार, हलन्त हे सगळे 'मार्क' या निराळ्या वर्गात बसतात. 'कि' लिहिलं की आपल्याला एक अक्षर दिसतं, संगणक दोन चिन्हं मोजतो. तो वर्गही जोडला. तरी 'वऱ्हाडे' कधी चालायचं, कधी नाही! काही कीबोर्ड हा अर्धा र लिहिताना मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह घालतात, ते ना लेटर, ना मार्क. डोळ्यांना न दिसणारी चूक शोधायची वेळ माझ्यावर आयुष्यात पहिल्यांदाच आली.

पुल रिक्वेस्ट पाठवण्याआधी भलत्याच गोष्टीवर अडले : प्रोफाइलवर पूर्ण नाव ठेवू की आद्याक्षरं? खुला कोड जिथे ठेवतात त्या गिटहबवरचा, २०१७ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास वाचनात आला होता. बायकांच्या पुल रिक्वेस्ट एकंदरीत पुरुषांपेक्षा जास्त प्रमाणात स्वीकारल्या जातात, असं त्यात आढळलं होतं. पण प्रकल्पात बाहेरून येणारी व्यक्ती प्रोफाइलवरून बाई आहे हे कळत असेल, तर हे प्रमाण पुरुषांपेक्षा खाली येतं. मी आद्याक्षरं ठेवली. नाव चालावं म्हणून धडपडतेय आणि स्वतःचं लपवतेय, यातली गंमत तेव्हा लक्षात आली नाही.

पहिला रिव्ह्यू दोन तासांत आला : 'एवढी गुंतागुंत कशाला? लोक इंग्रजीत लिहू शकतात की.' मी तीन उत्तरं लिहिली आणि तिन्ही खोडली. चौथं पाठवलं, त्यात शब्द जवळजवळ नव्हतेच. फक्त २२ नावांची टेस्टची यादी : मराठी, अरबी, तमिळ, व्हिएतनामी, जोडरेघेची, अपॉस्ट्रॉफीची. समोर कोणतं सध्या नापास होतं ते. यादीने काम केलं. प्रकल्प सांभाळणाऱ्यांपैकी दुसऱ्या एका मेंटेनरने जुना बंद इश्यू पुन्हा उघडला, आणि तो अरबी नावाचा माणूस दोन वर्षांनी परत बोलायला आला. मग इंडोनेशियातल्या एकीने लिहिलं, 'मला आडनावच नाही. तुमचा फॉर्म ते सक्तीचं का करतो? मी दर वेळी नावच दोनदा लिहिते.' तिकडे एकच नाव असणारे पुष्कळ लोक आहेत. माझ्या २२ नावांत असं एकही नव्हतं.

पुढचे चार दिवस चर्चा भलतीकडेच गेली. एकाने साधा प्रश्न टाकला : नाव आपण तपासतोच कशासाठी? दिवा बंद आहे की नाही, याच्याशी नावातल्या अक्षरांचा काय संबंध? उत्तर कुणाकडेच नव्हतं. रेगेक्स कुणीतरी कुठून तरी चिकटवलं होतं, एवढंच इतिहासात दिसत होतं. शेवटी ठरलं, की रेगेक्सच काढायचं. नावाची एकच चौकट, रिकामी नको, बाकी काहीही चालेल. दोन आठवडे घासून घासून तयार केलेली माझी ओळ मीच डिलीट केली. मुद्रितात अशा जागी आम्ही नुसती रेघ मारून बाहेर 'काढा'ची खूण करतो. इथे हात थोडा जड झाला, खरं सांगते.

एक गाठ तरी उरलीच. नावाला ३० ची मर्यादा होती, आणि ती अक्षरांची नव्हे, बाइटची निघाली. यूटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, म्हणजे कानेमात्रे धरून जेमतेम दहा चिन्हं. तेही बदललं. मग मर्ज कॉन्फ्लिक्ट, रिबेस, लिंटरची कुरकुर. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, सगळ्यांचं होतं तसंच माझंही झालं.

मर्ज झाल्याच्या दिवशी प्रोफाइलवर पूर्ण नाव टाकलं, देवनागरीत.

नवी आवृत्ती यायला आणखी महिना गेला. दिवा अजूनही बंदच होता, त्यामुळे तक्रार तयारच होती. नाव लिहिलं, 'पुढे' दाबलं, फॉर्म हूं की चूं न करता पुढे गेला. पोचपावतीची पीडीएफ उतरवून उघडली, तर माझ्या नावातली ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर, एकटीच लटकलेली. पीडीएफ बनवणारी लायब्ररी अक्षरांची जुळणीच करत नव्हती. दोन रात्री तिच्या कोडमध्ये डोकं घालून पाहिलं आणि नवा इश्यू उघडला. खाली स्वतःच लिहून ठेवलं : याला 'नवख्यांसाठी सोपं' हे लेबल कृपया लावू नका.