येझदी क्लासिकची नोंद: पिस्टनचा शोध

गेल्या वेळी माझ्या जुन्या येझदी क्लासिक मोटरसायकलच्या दुरुस्तीसाठी इंजिनाचा ब्लॉक (ज्याच्या पोकळीत पिस्टन वरखाली सरकतो), क्रँक (पिस्टनच्या हालचालीने फिरणारा दांडा) आणि गिअरबॉक्स सुटे करून धुऊन ठेवल्याचे लिहिले होते. त्यानंतरचे तीन महिने सुट्या भागांच्या शोधात गेले. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीचे उत्पादन १९९६ साली थांबल्यापासून आपल्याला दुकानांतला उरलेला जुना माल, लहान कारखान्यांत नव्याने बनणारे भाग आणि भंगारातील गाड्यांतून काढलेले भाग एवढ्यावरच भागवावे लागते. आणि तिन्हींवर येझदीचेच नाव असले तरी त्यांची मापे एकसारखी असतात असे नाही.

सर्वाधिक वेळ पिस्टनने घेतला. या इंजिनाचा मूळ बोअर (पोकळीचा व्यास) ६५ आणि स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) ७५ मिलिमीटर आहे, परंतु माझा ब्लॉक पूर्वी एकदा बोअरिंग, म्हणजे पोकळी कापून रुंद करण्याचे काम, झालेला निघाला आणि वरच्या भागात तो पुन्हा अंडाकृती झिजला होता, त्यामुळे पुढच्या ओव्हरसाइजचा, म्हणजे आणखी थोडा मोठ्या व्यासाचा पिस्टन घेणे भाग होते. पुण्याच्या नाना पेठेत मिळालेला पहिला पिस्टन व्यासाने योग्य होता आणि त्याला कनेक्टिंग रॉडशी जोडणारी गजन पिनही त्यात व्यवस्थित बसली. घरी आणून जुन्या पिस्टनशेजारी ठेवला आणि व्हर्नियर लावला, तेव्हा पिनच्या मध्यापासून स्कर्टच्या (पिस्टनच्या खालच्या भागाच्या) खालच्या कडेपर्यंतचे अंतर दीड मिलिमीटरने कमी भरले. या टू-स्ट्रोक इंजिनात व्हॉल्व्ह नाहीत; ब्लॉकच्या भिंतीतली पोर्ट म्हणजे वायूंच्या ये-जा करण्याची छिद्रे केव्हा उघडायची आणि केव्हा मिटायची, हे पिस्टनच्या कडाच ठरवतात. स्कर्ट आखूड असेल तर इनटेक पोर्ट (मिश्रण आत घेणारे छिद्र) लवकर उघडतो आणि उशिरा मिटतो, कमी वेगात हवा-पेट्रोलचे मिश्रण कार्ब्युरेटरकडे परत फेकले जाते आणि ज्या ओढीसाठी आपण ही गाडी जपतो तीच हरवते. तो पिस्टन मी परत केला. दुसरा जुन्या मालातून मिळाला. त्याचा स्कर्ट, रिंगा (पिस्टनभोवतीची धातूची कडी) बसण्याच्या खाचा आणि त्या रिंगांची टोके अडवून धरणाऱ्या बारीक पिनांची जागा हे सारे तपासूनच तो घेतला, कारण रिंगेचे टोक पोर्टसमोर आले तर ती अडकून तुटते. आता ब्लॉक बोअरिंगला दिला आहे, आणि सोबत हाच पिस्टन दिला आहे, म्हणजे कारागीर त्याचे माप घेऊन पिस्टन आणि ब्लॉक यांच्यात योग्य फट ठेवील.

बेअरिंगचा प्रश्न त्या मानाने सोपा होता, कारण कडेवरचा क्रमांक सर्वत्र एकच अर्थ सांगतो. फक्त जुन्यावर सी३ (आतली फट नेहमीपेक्षा जास्त असल्याची खूण) असेल तर नव्यावरही ते असल्याची खात्री करावी. क्रँकचे ऑइल सील आतील व्यास, बाहेरील व्यास आणि जाडी मोजून नवेच घेतले. तेथून हवा आत शिरली तर मिश्रणातले पेट्रोलचे प्रमाण कमी होऊन पिस्टन जॅम होतो, म्हणून जुने सील कितीही चांगले दिसले तरी मी ते परत वापरत नाही.

किक आणि गिअर या दोहोंसाठी असलेला एकच दांडा मात्र अजून मिळालेला नाही. माझ्या दांड्याचे दाते झिजले आहेत, आणि आतापर्यंत पाहिलेले दोन्ही नवे दांडे शाफ्टवर बसवल्यावर किंचित हलत होते.