तुम्ही विचारलंत म्हणून: जुना गेम आधी की रिमेक?

गेमबॉयच्या, म्हणजे निंटेंडो कंपनीच्या हातात धरून खेळायच्या जुन्या यंत्राच्या, जमान्यातले गेम मी अजून खेळते हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "त्याचा नवा रिमेक आलाय ना, मग जुना कशाला?" भाचा विचारतो, ऑफिसातली मुलं विचारतात. थोडक्यात सांगायचं तर झेल्डा मालिकेतला 'लिंक्स अवेकनिंग' खुशाल नवा खेळा, 'मेट्रॉइड टू' मात्र आधी जुनाच खेळा. दोन्ही गेम एकाच छोट्या यंत्रावरचे, दोन्हींत अनोळखी जागा धुंडाळायची असते, तरी उत्तरं वेगळी का, ते जरा सविस्तर सांगते.

झेल्डाचं लवकर आटोपेल. मूळ गेम १९९३चा. गेमबॉयला कामाची बटणं दोनच, ए आणि बी. एकावर तलवार, दुसऱ्यावर ढाल. उडी मारायची तर मेनू उघडून ढाल काढायची, उडीचं पीस लावायचं. पुढे जड दगड आडवा आला की परत मेनू, पीस काढून दगड उचलायचं कडं लावायचं. गेममधल्या कोहोलिंट बेटावर अर्धा वेळ या काढघालीतच जातो. २०१९ साली ग्रेझो या जपानी कंपनीने निंटेंडोच्या स्विच या यंत्रासाठी तो नव्याने केला, तेव्हा तलवार, ढाल आणि कडं यांना आपापलं बटण मिळालं. मूळ गेममध्ये बेट एकेका स्क्रीनच्या चौकोनात कापलेलं होतं, ते आता सलग फिरता येतं. बेट तेच, माणसं तीच, आणि गोष्टीतली हुरहुरही तीच. जे गेलं ते यंत्राला जमत नव्हतं म्हणून असलेलं होतं. त्यामुळे तिथे मला काही हरवल्यासारखं वाटत नाही.

आता मेट्रॉइड. 'मेट्रॉइड टू: रिटर्न ऑफ सॅमस' अमेरिकेत १९९१ साली आला. ज्यांनी गेमबॉय घडवला ते गुनपेई योकोईच याचे निर्माते. सॅमस आरान ही अंतराळातली शिकारी. तिने एसआर३८८ या ग्रहावर उतरायचं आणि मेट्रॉइड नावाच्या जीवाचा निर्वंश करायचा, एवढंच काम. स्क्रीनच्या कोपऱ्यात आकडा दिसतो, ३९. एक मारला की ३८.

गेमबॉयची स्क्रीन १६० बाय १४४ पिक्सेलची, त्यात चारच छटा. सॅमसचं चित्र या स्क्रीनच्या मानाने मोठं काढलंय, त्यामुळे पुढची चार पावलं दिसतात, त्यापलीकडे काय आहे ते कळत नाही. मॅप नाहीच. बोगदे एकमेकांसारखे. खाली उतरायच्या वाटेवर ॲसिड साचलेलं असतं. त्या भागातले सगळे मेट्रॉइड संपले की जमीन हादरते, ॲसिडची पातळी उतरते आणि आणखी खोल जाता येतं. काही भागांत तर संगीत म्हणावं असं काही नाहीच, मध्येच टुक, मध्येच घरघर, मग बराच वेळ काही नाही.

रंग नसल्याची अडचण तेव्हाच्या लोकांनी कशी सोडवली तेही बघण्यासारखं आहे. सॅमसला नवा, जास्त मजबूत सूट मिळतो. तो वेगळा दिसायला हवा, पण रंग बदलायची सोय नाही. म्हणून त्यांनी सूटला चेंडूसारखे मोठे गोल खांदे दिले. पुढे रंगीत यंत्रं आली तरी ते खांदे राहिलेच, आज तीच सॅमसची ओळख आहे.

मॅप नसणं, नजर न पोचणं, ती घरघर, यांना अडचणी म्हणायला मी तयार नाही, आणि माझं सगळं म्हणणं इथेच आहे. तुम्ही एका जनावराच्या बिळात शिरला आहात. एखाद्या वळणावर रिकामी कात दिसते. म्हणजे कात टाकून मोठा झालेला कुणीतरी इथेच जवळपास आहे. मॅपवर ठिपका दाखवून, खुणेचा आवाज काढून गेमने तुम्हाला हे आधी सांगितलं असतं, तर ती कात नुसती सजावट झाली असती. मूळ गेममध्ये ती एकच सूचना असते, आणि ती तुम्हालाच वाचावी लागते.

रिमेक दोन झाले. पहिला कंपनीचा नव्हे, चाहत्याचा. अर्जेंटिनातल्या मिल्टन ग्वास्टी यांनी जवळपास दहा वर्षं खपून 'अनदर मेट्रॉइड टू रिमेक' तयार केला आणि ६ ऑगस्ट २०१६ रोजी, मेट्रॉइड मालिकेच्या तिसाव्या वाढदिवशी, फुकट देऊन टाकला. निंटेंडोची कायदेशीर नोटीस लगेच आली आणि डाऊनलोड काढावं लागलं. कंपनीचा कायद्याने हक्क होता, मान्य. पण या गेमवर इतकं जीव लावून काम केलेला माणूस मला दुसरा माहीत नाही, आणि ते काम गेम कंपन्यांनीही ओळखलं. पुढे 'ओरी अँड द विल ऑफ द विस्प्स' या गाजलेल्या गेमवर त्यांना काम मिळालं.

दुसरा अधिकृत, २०१७ सालचा, निंटेंडोच्या थ्रीडीएस या दोन स्क्रीनच्या यंत्रावरचा 'मेट्रॉइड: सॅमस रिटर्न्स'. तो स्पेनच्या मर्क्युरीस्टीमने निंटेंडोसोबत केला. गेम उत्तम आहे, हे आधी स्पष्ट सांगते. कुठल्याही कोनात नेम धरता येतो, खालच्या स्क्रीनवर मॅप कायम समोर असतो. एक बटण दाबलं की आसपासच्या वाटा आणि फुटणाऱ्या भिंतीसुद्धा उजळून दिसतात. अडकलं की हात आपोआप त्या बटणाकडे जातो, माझाही जातो. फक्त मग भिंत न् भिंत ठोकून पाहायचं कारणच उरत नाही.

त्याहून मोठा फरक मला जाणवला तो छोट्या प्राण्यांत. नव्या गेममध्ये उलटा तडाखा द्यायची युक्ती आहे. प्राणी अंगावर झेपावतो, क्षणभर चमकतो, तेवढ्यात हाणायचा. ही युक्ती वापरता यावी म्हणून जो तो तुमच्यावर धावून येतो. जुन्या गेममध्ये यातले कित्येक जीव आपल्या कपारीवरून आपले चालत असतात. तुम्ही मध्ये आलात तर लागतं, नाहीतर त्यांना तुमच्याशी देणंघेणं नाही. त्यामुळे तिथे घुसखोर कोण आहे याबद्दल शंका राहत नाही. घुसखोर तुम्ही. नव्यात मात्र तुम्ही स्वतःला वाचवत असता.

यापुढे शेवट सांगणार आहे. तो सांगितल्याशिवाय माझं उत्तर पुरं होत नाही. आकडा उतरत एकावर येतो आणि वाटतं, संपलं. तेवढ्यात तो वाढून नऊ होतो, आणखी पिल्लं बाहेर पडलेली असतात. ती मारायची, मग अंडी घालणारी मेट्रॉइडची राणी मारायची. त्यानंतर एक अंडं समोरच फुटतं. आतलं पिल्लू सॅमसला आई समजून तिच्या मागे येऊ लागतं. इतका वेळ जिने निर्वंश करायचं काम केलं, ती याला मारत नाही. वर जायची वाट अडवलेली असते, ते अडथळे पिल्लू खाऊन मोकळे करतं. वाटेत एकही शत्रू नाही. संगीत पहिल्यांदा मवाळ झालेलं असतं. चढत राहायचं, यानापर्यंत जायचं. लढाई नाही. १९९४च्या 'सुपर मेट्रॉइड'ची गोष्ट याच पिल्लापासून सुरू होते.

ग्वास्टींनी मॅप दिला, रंग दिले, हालचाली सोप्या केल्या, पण वर चढायची ही वाट शांतच ठेवली. अधिकृत रिमेकमध्ये वाटेत प्राणी आहेत, आणि जमिनीवर पोचलात की रिडली हा मालिकेतला जुना वैरी येऊन उभा राहतो. लढाई जोरदार आहे, पिल्लू मदतीलाही येतं. पण मूळ गेमने शेवटी तुमच्या हातातली बंदूक निरुपयोगी केली होती, आणि नव्याने ती परत वापरायला लावली. हा बदल मला अजून पटलेला नाही.

मिळण्याचंही सांगून ठेवते. थ्रीडीएसचं ऑनलाइन दुकान मार्च २०२३मध्ये बंद झालं, त्यामुळे 'सॅमस रिटर्न्स' नव्याने घ्यायचा तर कार्ट्रिजच शोधावं लागेल. घेताना रीजन, म्हणजे ते कुठल्या देशांसाठी काढलंय ते, नीट बघा, थ्रीडीएसवर दुसऱ्या रीजनचं कार्ट्रिज चालत नाही. जुना 'मेट्रॉइड टू' मात्र फेब्रुवारी २०२३पासून स्विच ऑनलाइनच्या वर्गणीत आहे.

खेळताना शेजारी चौकटीची वही आणि पेन्सिल ठेवा. सेव्ह करायच्या जागा आणि ॲसिडने अडवलेल्या वाटा एवढं काढलंत तरी पुरतं. हेडफोन लावा. इंटरनेटवरचा मॅप निदान राणीपर्यंत तरी उघडू नका. मग 'सॅमस रिटर्न्स' खेळा आणि रिडली यायला हवा होता की नको ते मला सांगा. माझ्यापेक्षा वेगळं मत असेल तर कारणासकट ऐकायचं आहे.