बाटली रोज भरलेलीच होती

जुलैतला पाऊस, पंचगंगा पात्राबाहेर. अशा दिवसांत आमच्या नर्सिंग होममध्ये काहीच वाळत नाही; चादरी नाहीत, औषधाचा फवारा श्वासातून देणाऱ्या नेब्युलायझरचे मास्कही नाहीत.

खिडकीजवळच्या आज्जींना पंधरा दिवसांत दुसऱ्यांदा ताप आला. बेडका हिरवट. डॉक्टर औषध बदलून गेले. त्यांच्या कॉन्सन्ट्रेटरची, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणाऱ्या मशीनची, नळी सरळ करताना ह्युमिडिफायरची बाटली, जिच्या पाण्यातून ऑक्सिजन ओलसर होऊन जातो, ती उजेडात धरली, झाकण काढून आत बोट फिरवलं. बुळबुळीत!

मावशी म्हणाल्या, "सिस्टर, पाणी कधी कमी पडू दिलं नाही हो मी. उतरलं की नळाचं घालते." पुरामुळे डिस्टिल्ड वॉटरचे कॅन आले नव्हते. त्यांना बोल कसा लावू? वरून भर घालायची नसते, उरलेलं ओतून, बाटली धुऊन, वाळवून मगच नवं पाणी, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. आणि वहीत रोज 'पाणी ठीक', खाली सही माझी. मी दोन रेघांमधली पातळी बघत होते. रोज भर पडत होती, म्हणून ती रोज बरोबरच असायची. तपासणीला येणारेही सह्याच मोजतात, बाटली कुणी उघडत नाही.

ताप त्यानेच आला का, ते ठरलं नाही. पण आता नेब्युलायझरचा कप प्रत्येकाचा वेगळा, नाव घातलेला. डोस संपला की सुटा करून धुवायचा, शेवटी निर्जंतुक पाण्याने खळबळायचा, झटकून स्वच्छ कापडावर उघडा ठेवायचा. ओला कप डब्यात कोंडला की जंतूंची सोयच. नळी पाण्यात बुडवायची नाही. आत दमट दिसली तर कप काढून मशीन थोडा वेळ नुसतं चालवायचं. कॉन्सन्ट्रेटरचा हवा गाळणारा स्पंज दर रविवारी धुवायचा, पूर्ण वाळल्याशिवाय बसवायचा नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, मिनिटाला २ लिटर ऑक्सिजनला ही बाटली सहसा लागतच नाही, ४ लिटरच्या वर गेलं किंवा नाक कोरडं पडलं तर बघायचं. म्हणजे इतके महिने ती तिथे उगाचच होती.

बाटली काढली. रात्री आज्जींनी हाक मारली, "बाळ, बुडबुड थांबली गं. मशीन बंद पडलं का?" मी नळीचं टोक त्यांच्या तळहातावर धरलं. वारा लागला तेव्हा कुठे त्या झोपल्या.