लेकराची गळवं थांबेनात म्हणून यवतमाळहून मुंबईचं परळ गाठलं, तुम्हालाही जायचं असेल तर वाचा

आपल्याकडे लेकराला गळू झालं तर कोणी फार मनावर घेत नाही. आंबे खाल्ले, अंगात गरमी आहे, फुटेल आणि बसेल. आणि बहुतेक वेळा बसतंही. पण माझ्या भाच्याचं तसं नव्हतं, त्याला सीजीडी नावाचा पांढऱ्या पेशींचा जन्मजात आजार निघाला, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

तान्हा असताना बीसीजी (टीबीची लस) टोचलं त्याच बाजूच्या काखेत गाठ आली, ती फुटून कितीतरी दिवस वाहत राहिली. मग मानेला, मग मांडीला, मग शीच्या जागेजवळ. दरवेळी चिरा द्यायचा, पू काढायचा, इंजेक्शनं, सुट्टी, की पुन्हा नवीन जागी. शेवटी ताप उतरेना म्हणून सोनोग्राफी केली तर लिव्हरमध्ये पू. विदर्भ म्हणून सिकलसेलची टेस्ट झाली, एचआयव्हीची झाली, दोन्ही निगेटिव्ह. सीबीसीमध्ये पांढऱ्या पेशींचा काउंट तर भरपूर, त्यामुळे प्रतिकारशक्ती चांगली आहे असंच सगळे म्हणायचे. एका दवाखान्यात ताईला तोंडावर सांगितलं की बाई, लेकराला स्वच्छ ठेवत जा. जी बाई गरम पाण्यात कडुलिंब टाकून रोज आंघोळ घालते, वेगळा टॉवेल, वेगळी चादर, तिला हे ऐकावं लागलं. मला अजून त्याचा राग आहे.

शेवटी एका लहान मुलांच्या डॉक्टर मॅडमनी सगळे कागद ओळीने लावून पाहिले आणि म्हणाल्या, पेशी किती आहेत ते सगळ्यांनी मोजलं, पण त्या काम करतात का ते कोणी पाहिलं नाही. एवढ्या एका वाक्यानं आमचा रस्ता बदलला.

कधी शंका घ्यायची ते आधी सांगतो. गळू वरवरचं नसून खोल होतंय, लिव्हर, हाड, फुफ्फुस, मानेच्या गाठी असं कुठंही. वर्षात दोनदा न्यूमोनिया. दोन-दोन महिने अँटिबायोटिक देऊनही फरक नाही. वजन वाढत नाही. बीसीजीच्या बाजूला गाठ होऊन वाहते. नाळ तीन-चार आठवडे झाले तरी पडली नव्हती. घरात आधी एखादं लेकरू इन्फेक्शननं गेलं. यातलं काही असेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा, जन्मजात इम्युनिटीचा दोष असू शकतो का. आणि पू काढताना तो फेकू देऊ नका, कल्चरला (कोणता जंतू आहे ते पाहायच्या तपासणीला) पाठवायला सांगा, जमलं तर अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी. गाठीचा तुकडा काढणार असतील तर तो सगळाच्या सगळा फॉर्मॅलिनमध्ये नको, एक भाग सलाईनमध्ये ठेवायला आधीच सांगा, कारण फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात आणि मग कल्चरमध्ये काहीच येत नाही.

आता टेस्ट. पेशी काम करतात का ते पाहायच्या टेस्टचं नाव डीएचआर. तिला रक्त ताजं लागतं, शक्यतो चोवीस तासांच्या आत, आणि सोबत एका धडधाकट माणसाचं रक्त तुलनेसाठी लागतं. एका खासगी लॅबनं आमचं सॅम्पल कुरिअरनं पाठवलं, ते उशिरा पोचलं, टेस्ट झालीच नाही, वरून लेकराला पुन्हा सुई. त्यामुळे माझं म्हणणं एकच, रक्त पाठवू नका, लेकराला घेऊन जा, आणि आईला तर न्याच न्या.

मुंबईत परळला केईएम हॉस्पिटलच्या आवारात आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेची एनआयआयएच नावाची संस्था आहे, नवीन बहुमजली बिल्डिंगमध्ये तेराव्या मजल्यावर, तिथे या आजारांच्या टेस्ट होतात. वाडिया हे मुलांचं हॉस्पिटलही तिथंच लागून आहे, तिथेही इम्युनिटीचे डॉक्टर आहेत. याच संस्थेचं चंद्रपूरला केंद्र आहे, पण ते सिकलसेल-थॅलेसेमियाचं, या टेस्टसाठी तिकडे चक्कर मारू नका. जायच्या आधी आपल्या डॉक्टरांना फोन करून दिवस ठरवायला लावा, शनिवार-रविवार आणि सुट्ट्या टाळा, रेफरची चिठ्ठी घ्या.

आम्ही यवतमाळहून एसटीनं धामणगाव आणि तिथून संध्याकाळची विदर्भ एक्सप्रेस. एसटीत बाईमाणसाला अर्धं तिकीट आहे आणि पाच वर्षांच्या आतल्या लेकराला तिकीट नाही, तेवढाच हातभार. रेल्वेत मात्र रिझर्वेशन पाहिजेच, ताप असलेलं आणि पट्ट्या बांधलेलं लेकरू घेऊन जनरलमध्ये नका जाऊ बाप्पा. खालचा बर्थ मागा. थर्मामीटर, पॅरासिटामॉल, गॉज, बेटाडीन, टेप आणि उकळलेल्या पाण्याचा थर्मास हे एका वेगळ्या पिशवीत वरच्यावर ठेवा, कारण पट्टी नेमकी रात्रीच ओली होते आणि बॅग सीटखाली सगळ्यात आत असते. दादरला सकाळी उतरायचं, तिथून लोकलनं परळ एकच स्टेशन, पण सकाळच्या गर्दीत लेकराला घेऊन लोकल नको, टॅक्सी करा. दादरला गाडगेबाबांची धर्मशाळा आहे, पण तिथे मुख्यतः टाटाचे कॅन्सरचे पेशंट असतात, जागा मिळेलच असं धरून जाऊ नका. हॉस्पिटलमध्ये समाजसेवा अधीक्षक म्हणून असतात, राहण्याचं आणि पैशांचं त्यांना पहिल्याच दिवशी विचारा, लाजू नका.

फाईल तारखेनुसार लावून न्या. प्रत्येक डिस्चार्ज कार्ड, कल्चर, सोनोग्राफीची फिल्म, लसीकरण कार्ड, रेशनकार्ड आणि आधारच्या झेरॉक्स. मोबाईलमधले गळवांचे फोटो तारखेसकट काढून ठेवा. डॉक्टरांनी आमच्या फाईलपेक्षा जास्त वेळ ते फोटो पाहिले.

रिपोर्टवर आलेख असतो. निरोगी माणसाच्या पेशींना डिवचलं की त्या चमकतात आणि आलेखाचा उंचवटा उजवीकडे सरकतो. भाच्याचा उंचवटा होता तिथंच, डावीकडे. आणि ताईच्या आलेखात दोन उंचवटे, एक डावीकडे, एक उजवीकडे. मॅडमनी पेननं दोन्हींवर गोल केले आणि सांगितलं की आजाराचं नाव सीजीडी, क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज. पेशी जंतू गिळते पण त्याला मारायला ऑक्सिजनपासून जे रसायन बनवावं लागतं ते बनत नाही, मग जंतू आतच जिवंत राहतो आणि जागोजागी पू आणि गाठी होतात. अमेरिकेत साधारण २ ते २.५ लाख जन्मांमागे एक असं प्रमाण सांगतात. १९५० च्या दशकात हा आजार ओळखला गेला तेव्हा ही लेकरं लहानपणीच जायची, आता रोजच्या औषधांवर मोठी होतात.

ताईच्या दोन उंचवट्यांचा अर्थ, दोष आईकडून मुलाकडे जाणारा आहे. हे ऐकून ती तिथंच रडायला लागली. मी स्पष्ट लिहितो, यात आईचा काहीच दोष नाही, सासरच्यांनी सुनेला बोल लावायचं काही कारण नाही, भाऊजींनी घरी येऊन आपल्या आईला हेच सांगितलं ते मला फार बरं वाटलं. मामाला म्हणजे मला आजार नाही, त्यामुळे माझ्याकडून तो पुढे जात नाही, पण आमच्या धाकट्या बहिणीची टेस्ट लग्नाआधी करून घेतोय. या आजाराचे काही प्रकार आईवडील दोघांकडून येतात आणि मामेबहिणीशी लग्न झालेल्या घरांत त्यांची शक्यता वाढते, आपल्याकडे अशी लग्नं होतात म्हणून सांगून ठेवतो. आणि अशा घरात पुढचं बाळ झालं तर टेस्ट होईपर्यंत बीसीजी देऊ नका, नर्सताईंना आधीच सांगा. बाकीच्या लसी मात्र आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत, डॉक्टरांना विचारा.

औषधं दोन, रोज. एक कोट्रायमोक्साझोल, हे अँटिबायोटिक, स्वस्त आहे. दुसरं बुरशीसाठी इट्राकोनाझोल, कॅप्सूल असेल तर जेवणासोबत, सिरप असेल तर उपाशीपोटी, हा फरक मेडिकलवाला सांगतोच असं नाही. सगळ्यात कठीण गेलं ते घरचं. या लेकरांना बुरशीचा मोठा धोका, आणि आपलं सगळं जगणंच शेणखत, कुटार, ओली गंजी, सडा-सारवण. उकिरडा उपसायच्या दिवशी भाच्याला आता आमच्याकडे आणतो. कुटाराची खोली त्याच्या झोपायच्या खोलीला लागून होती, ती भाऊजींनी गोठ्याकडे हलवली. आजी म्हणाली, "काहून एवढं करता, लेकरू मातीतच वाढते." तिला समजावायला वेळ लागला, पण आता तीच त्याला गंजीजवळून हाकलते.

पूर्ण बरं करायचा इलाज म्हणजे बोन मॅरो ट्रान्सप्लांट. सख्ख्या भावंडाचं जुळायची शक्यता चारात एक, त्याच्या बहिणीचं सॅम्पल दिलंय, रिपोर्ट यायचाय. खर्चानं घाबरून तिथंच थांबू नका, २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात सीजीडी आहे, मान्य केलेल्या केंद्रांमार्फत ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते आणि मुंबईत केईएम असं केंद्र आहे. अर्ज हॉस्पिटलमार्फतच होतो, त्यामुळे मधल्या कुठल्या एजंटाला पैसे देऊ नका.

निघताना डॉक्टरांकडून एक पत्र मागून घ्या, आजाराचं नाव, चालू औषधं, ताप आला तर काय करायचं आणि कोणाला फोन करायचा हे सगळं त्यात लिहिलेलं. या लेकरांना इन्फेक्शन मोठं असूनही कधीकधी ताप थोडाच दिसतो, त्यामुळे तालुक्याच्या दवाखान्यात रात्री जो ड्युटीवर असेल त्याला हे माहीत असायला पाहिजे. आमच्याकडे त्या पत्राच्या झेरॉक्स आहेत, एक ताईच्या पर्समध्ये, एक अंगणवाडीत, एक गावातल्या आशाताईंकडे, आणि फोटो सगळ्यांच्या मोबाईलमध्ये.